गाडी भरल्याशिवाय सुटत नाही

सात रस्त्याजवळच्या चहाच्या टपरीवर लोक मला अजून विचारतात, आफ्रिकेत सिंह बघितला का. मी काही वर्षं पाराकूत राहिलो आणि तिथं सगळ्यात जास्त पाहिलेलं जनावर म्हणजे बकरी. हे सांगितलं की विचारणाऱ्याचं तोंड उतरतं. मग तिथं होतं तरी काय, असं तो विचारतो. ट्रक होते, मी म्हणतो. ट्रक, धूळ, कापसाच्या गाठी आणि कुठंतरी निघालेली पण वाटेत बसून राहिलेली माणसं. एवढं ऐकून तो चहा संपवतो आणि उठतो, कारण हे सगळं बघायला सोलापूर सोडून कुठं जायची गरज नाही.

पाराकू हे बेनिन नावाच्या देशातलं गाव. गाव म्हणतो, पण शहर आहे, चांगलं मोठं. खाली दक्षिणेला समुद्र आणि समुद्राकाठी कोतोनू. तिथून फ्रेंचांनी वर आणलेला रेल्वेचा रूळ पाराकूत येऊन संपतो. पुढं नायजरपर्यंत न्यायचा होता म्हणे, ते राहून गेलं. रूळ संपला म्हणूनच शहर वाढलं, कारण जो माल यायचा तो इथं उतरवून ट्रकमध्ये भरावा लागायचा. मी गेलो तेव्हा रेल्वे बंद होती. रुळांमध्ये गवत होतं, त्यात बकऱ्या चरायच्या आणि स्टेशनच्या सावलीत पोरं फुटबॉल खेळायची. ट्रक मात्र होतेच. एक रस्ता वर नायजरला, एक पूर्वेला नायजेरियाकडे, एक पश्चिमेला टोगोकडे आणि एक खाली समुद्राला. या चारही रस्त्यांवरचा कुणीही पाराकूला टाळून जाऊ शकत नव्हता.

मी मेकॅनिक आहे. आपल्याकडच्या तीनचाकी आणि मोटारसायकली तिकडं खूप चालतात. कोतोनूतला एक भारतीय व्यापारी त्या मागवायचा आणि त्याचं एक गॅरेज पाराकूत होतं. तिथं माणूस पाहिजे होता. सोलापुरातलं माझं गॅरेज रस्तारुंदीत गेलं होतं, बायको माहेरच्या शेजारी शाळेत नोकरीला लागली होती, पोरीची फी होती. मी गेलो. गॅरेजात माझा जोडीदार होता माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, देंदी बोलणारा मुसलमान मिस्त्री. मला फ्रेंच येत नव्हतं, त्याला हिंदी येत नव्हतं. सलाम दोघांना यायचा आणि पान्यांचे नंबर दोघांना कळायचे. तेवढ्यावर आमचं पहिलं वर्ष निघालं.

शहर मला आवडलं होतं का? सुरुवातीला अजिबात नाही. संध्याकाळी गल्लीगल्लीतून उखळाचे आवाज यायचे, दोन-दोन बायका समोरासमोर उभ्या राहून उकडलेला कंद कुटायच्या. त्याचा पांढरा गोळा ताटात यायचा, वर तिखट रस्सा. पहिला महिना तो घशाखाली उतरेना. मग एकदा बाजारात लाल सालीचं पनीर दिसलं. गुराखी बायका ते करतात आणि ज्वारीच्या पानांच्या रंगात बुडवून लाल करतात, असं मिस्त्रीनं मला खुणांनी समजावलं. ज्वारीची पानं म्हटल्यावर मी विकत घेतलं. त्या दिवसापासून मी तिथं माणसासारखा जेवायला लागलो. थंडीत वाळवंटाकडून कोरडा वारा यायचा, ओठ फुटायचे, ऊन पिवळं पडायचं. कडेला बाटल्यांतून पेट्रोल विकणाऱ्या बायका डोक्यावरचं फडकं तोंडाला बांधायच्या. अंगणातल्या कडुलिंबाखाली बसलं की मला वाटायचं, अल्लानं सोलापूर एकदा करून बघितलं आणि पुन्हा करावंसं वाटलं.

मग वरची सीमा बंद झाली. नायजरमध्ये सरकार उलथलं, मोठ्या माणसांची भांडणं झाली आणि ट्रक सीमेवरच्या नदीच्या अलीकडे अडकले. पाराकूच्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी ट्रक उभे राहायला लागले. ड्रायव्हर ट्रकखाली चटई टाकून झोपायचे, तिथंच चूल मांडायचे, तिथंच नमाज पढायचे. कांदा सडायचा. ज्या शहराचं पोट येणाऱ्या-जाणाऱ्यावर, तिथं कुणी येईना की जाईना. लोक म्हणायचे उघडेल, पुढच्या महिन्यात उघडेल. काही माल नदीतून होड्यांनी जायचा म्हणे, पण त्यात प्रवासी किती जाणार? गाड्यांच्या अड्ड्यावर माणसं कमी झाली, आणि हेच पुढं मला भोवलं.

अड्ड्याची रीत अशी, की गाडीला वेळ नसतो. पहाटे दोन-तीन मोठ्या बस कोतोनूला जातात, त्या वेळेवर. त्या गेल्या की उरतात जुन्या लांबोड्या मोटारी, छतावर सामान, आत कोंबलेली माणसं. त्या भरल्या की सुटतात. तासात भरली तर तासात, दिवसभरात भरली तर दिवसभरात. तिथल्या इतर परदेशी लोकांना याचा वैताग यायचा. मला नाही यायचा, मी त्यातच वाढलो होतो.

माझे अब्बा वडाप चालवायचे. सांगोल्याच्या रस्त्यावर, सीटा भरल्या की सुटणारी जीप. जीप आमची स्वतःची, हप्ते फेडून आमची झालेली. तिच्या बोनेटवर हात ठेवून अब्बा ज्या आवाजात ओरडायचे, तो आवाज मला झोपेतही ओळखू येईल. 'चला, एकच सीट राहिली, एकच.' गाडीत तेव्हा एकही प्रवासी नसायचा. रिकाम्या गाडीत कुणी चढत नाही, हे अब्बांच्या धंद्याचं पहिलं आणि शेवटचं सूत्र. म्हणून ते गाडीत माणसं बसवायचे. टपरीवाला, पंक्चरवाला, आणि कायमचे आमचे चाचा. चाचा इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीशी असे बसायचे, जणू सांगोल्यात त्यांची केस उभी आहे. खरे प्रवासी चढत गेले की हे एकेक करून उतरायचे, कुणी लघवीला, कुणी तंबाखूला, आणि परत यायचेच नाहीत. चाचा आयुष्यभर सांगोल्याच्या गाडीत बसले आणि सांगोला त्यांनी कधी बघितला नाही. घरात आम्ही त्यांना त्यावरून फार छळायचो.

आपा, म्हणजे माझी मोठी बहीण, तिला हे आवडायचं नाही. खोटं आहे हे, ती म्हणायची. अब्बा हसायचे. त्यांचं म्हणणं, ज्याला डोळे आहेत त्यानं बघावं. बसवलेला माणूस ओळखणं सोपं आहे. त्याच्या मांडीवर पिशवी नसते. त्याचा एक पाय बाहेर असतो. आणि तो गाडीवरच्या पोरांशी ओळखीनं बोलतो, कारण तो कुठं जाणारच नसतो. खरा प्रवासी पाय आत घेऊन, सामान गुडघ्यांत दाबून, गप्प बसतो. हे सगळं ते मराठीत सांगायचे. घरचं बोलणं आमचं दखनीत, पण गाडीचा विषय निघाला की अब्बा मराठीवर यायचे. धंदा मराठीतच केला होता ना.

आपाचा फोन आला तेव्हा मी एका मोटारसायकलचं इंजिन उघडून बसलो होतो. अब्बांना रात्री छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात ठेवलंय, शुद्धीवर आहेत, पण डॉक्टर म्हणतात बोलवायचं त्याला बोलवून घ्या. शेवटचं वाक्य तिनं दोनदा म्हटलं. मी हात न धुताच उठलो. मालकाला कोतोनूत फोन केला. माणूस चांगला होता. रात्रीच्या विमानाचं तिकीट मी काढतो, म्हणाला, तू फक्त संध्याकाळपर्यंत इथं पोच. सकाळच्या बस गेल्या होत्या. मोटारीनं सात-आठ तास लागतात. लगेच निघालो तर हातात वेळ राहत होता. मिस्त्रीनं मला मोटारसायकलवर अड्ड्यावर सोडलं, माझा खांदा दाबला आणि गॅरेज उघडं टाकून आलोय म्हणून परत गेला.

अड्ड्यावर कोतोनूची एक गाडी तोंडाशी उभी होती. भरलेली. गाडीवरचा पोऱ्या बोट वर करून ओरडत होता, एकच, एकच. फ्रेंचमधला एक मला तोवर चांगला कळत होता. मी धावत गेलो आणि दाराशी थांबलो. आतल्या माणसांकडे बघितलं. एकाच्याही मांडीवर पिशवी नव्हती. दोघांचा एकेक पाय दारातून बाहेर. पुढचा गडी पोऱ्याशी हसून बोलत होता, त्याच्या हातातल्या शेंगा खात होता. आणि मी बघतोय तोवर मधल्या सीटवरची बाई उतरली आणि पाण्याच्या टपरीकडे चालायला लागली.

मला हसू आलं, हे खरं सांगतो. बाप मरायला टेकलाय आणि मला त्या दाराशी हसू आलं. म्हटलं, मला शिकवता होय रे. सगळे चाचाच बसवलेत. पोऱ्यानं माझ्या बॅगेला हात घातला, तो मी झटकला. मागं दुसरी एक गाडी होती, तिच्यात दोघं बसले होते. एक म्हातारा आणि एक बाळंतीण वाटावी अशी बाई, मांडीवर गाठोडं, पाय आत, दोघंही गप्प. ही खरी माणसं. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

पुढच्या गाडीत माझ्या जागी एक तरुण चढला. ती बाई पाण्याच्या दोन पिशव्या घेऊन परत आली आणि आपल्या जागी बसली. बाहेरचे पाय आत गेले, दारं लागली. पोऱ्यानं छतावर हात मारला आणि गाडी सुटली. तेव्हा माझी नजर तिच्या छतावर गेली. जाळी बांधलेला सामानाचा ढीग होता, बॅगा, गाठोडी, एक पाळणासुद्धा. मघाशी तो मला दिसला होता, पण व्यापाऱ्याचा माल असेल म्हणून मी सोडून दिला होता. आमच्या जीपवर सामान ठेवायला टप नव्हता. सामान मांडीवर घ्यायचं ही सांगोल्याच्या रस्त्याची रीत होती, पाराकूची नव्हती. आणि त्या उन्हात पत्र्याच्या डब्यात बसलेला कुठलाही माणूस एक पाय बाहेर ठेवील, त्याला बसवावं लागत नाही. हे कळायला मला गाडी जावी लागली.

आता ही गाडी भरायची होती. मी खिडकीतून रस्ता बघत बसलो. एरवी त्या वेळी वरून, नायजरकडून उतरणारी माणसं असायची, ती नव्हती. बरंच थांबल्यावर एक माणूस आला. भाव विचारून गेला. मग दोन बायका आल्या, त्यांना जवळच्याच गावी जायचं होतं. म्हाताऱ्यानं कोला नावाचं कडू फळ काढलं, तोडून मला अर्धं दिलं. माझ्या खिशात एका सीटपुरते आणि वर थोडे, एवढेच पैसे होते. मी मिस्त्रीला फोन लावला, म्हटलं सगळ्या रिकाम्या सीटांचे पैसे घेऊन ये, गाडी मीच घेतो. तो म्हणाला आणतो, पण गोळा करावे लागतील.

तेवढ्यात आपाचा फोन आला. अब्बा तुझ्याशी बोलायचं म्हणताहेत, म्हणाली, आणि तिनं फोन त्यांच्या कानाला लावला. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग त्यांनी विचारलं, खाना खाया क्या. मी हो म्हटलं. कुठं आहेस, त्यांनी विचारलं. गाडीत बसलोय, मी म्हटलं, निघालोच. गाडीचं नाव निघालं तसे ते मराठीवर आले.

"शिटा किती झाल्या?"

त्यांना काय सांगायचं? गाडीत आम्ही तिघं होतो. पोऱ्या पुढच्या चाकाला टेकून झोपला होता.

"एकच राहिलीय, अब्बा," मी म्हटलं. "सुटतीय आता."

पलीकडे ते हसले की खोकले ते मला कळलं नाही.

"हां. मग बस," ते म्हणाले. "उतरू नगंस."

आपानं फोन घेतला. बोलून दमलेत, म्हणाली, ठेवते.

मिस्त्री आला तेव्हा दुपार टळली होती. त्यानं कुणाकुणाकडून पैसे आणले होते ते मी विचारलं नाही, नंतर सगळे फेडले. ड्रायव्हरनं पैसे घेतले, पोऱ्याला लाथ मारून उठवलं, आणि गाडी सुटली. म्हातारा, ती बाई आणि मी, बाकी सगळी रिकामी गाडी. रस्ताभर मी मनात हिशेब करत राहिलो, आता हे गाव, इथून इतकं, अजून होईल, अजून होईल. वाटेतल्या बोहिकोन गावाच्या पुढं अंधार पडला आणि ट्रकांच्या रांगेत आम्ही अडकलो. कोतोनूत शिरलो तेव्हा विमान गेलं होतं. मालक विमानतळाच्या बाहेर त्याच्या गाडीला टेकून उभा होता. माझा चेहरा बघून त्यानं माझी बॅग उचलून गाडीत टाकली. त्याच्या घरी पोचेपर्यंत चाचांचा फोन आला. अब्बा गेले होते.

त्यानंतरचं विमान दोन दिवसांनी मिळालं. मी आपाला सांगितलं होतं, फोनवर, ओरडून, की थांबा. दवाखान्यात ठेवता येतं, बर्फ मिळतो, लोक दुबईहून येतात तेव्हा थांबतात की नाही? मला तोंड बघायचंय. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मी हो धरून चाललो. मुंबईत उतरलो, सोलापूरची गाडी धरली, आणि घराच्या गल्लीत शिरलो तर दारात मांडव नाही, खुर्च्या नाहीत, काही नाही. अब्बा गेले त्याच दिवशी दफन आटोपलं होतं. मी चप्पलही न काढता आपावर तुटून पडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. चाचा मधे पडायला आले तर त्यांनाही बोललो. सांगोल्याच्या गाडीत जन्म घालवलात, म्हटलं, आणि माझ्यासाठी दोन दिवस बसता आलं नाही. चाचा भिंतीशी जाऊन उभे राहिले.

आपानं मला बोलू दिलं. माझा दम संपल्यावर ती म्हणाली, तुझा फोन ठेवला तेव्हाच त्यांना कळलं होतं. गाडी रिकामी हाय, असं ते म्हणाले. मी त्यांना विचारलं, कशावरून? तर म्हणाले, आवाज नाय आला. भरलेल्या गाडीत पोरं रडत्यात, मानसं भांडत्यात. तितं कोण न्हाय.

मी खाली बसलो. ती पुढं म्हणाली, तुझ्यासाठी दफन थांबवायचं का, हे मीच त्यांना विचारलं. तोंडावर विचारलं, कारण तू आल्यावर हेच होणार हे मला माहीत होतं. तर त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि हेही मराठीतच बोलायला लागले. माझ्याशी मराठीत, सख्ख्या लेकीशी. मला वाटलं भ्रम झाला. पण भ्रम नव्हता.

ते म्हणाले, "थांबवू नगा कुणाला. मी लई मानसं बसवून ठेवली हायती. त्यात कुणाचा बाप मराया टेकला असंल, कुणाची आय. कुणी सांगितलं न्हाय आन मी इचारलं न्हाय."

आपा रडत नव्हती. रडून झालं होतं तिचं. मला मात्र तेव्हा रडू आलं नाही, राग आला, आणि तो अब्बांचा आला. तीस वर्षं ज्या माणसानं एका अनोळखी सीटसाठी अख्खी जीप उन्हात थांबवून धरली, त्यानं स्वतःच्या पोरासाठी थांबायला नको म्हणून सांगितलं. आणि ते बरोबरच होतं, हे मला त्या घरात सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. मी चप्पल काढली, हातपाय धुतले आणि चाचांना म्हटलं, चला, मला कबर कुठं आहे ते दाखवा.